३२० फुटांचे कोरडे बोअर आणि शेजारची विहीर: आर्वी तालुक्यातल्या एका वावराचा प्रकरण अभ्यास

वर्धा जिल्ह्यातला आर्वी तालुका. पाच एकर वावर, पऱ्हाटी (कपाशी) आणि तुरीचे. वरचा धुरा (बांध) टेकाडाकडे, खालचा नाल्याला लागून. वावरात २० फूट व्यासाची, ३८ फूट खोल जुनी विहीर. ऑक्टोबरात तिचे पाणी १२ फुटांवर असते, फेब्रुवारीत २९ फुटांवर जाते आणि एप्रिल-मे महिन्यात तळाशी डबके उरते. मालकाला दोन एकरांत संत्रा लावायचा होता. विहीर पुरत नाही म्हणून बोअर मारायचे ठरले. पहिले बोअर ३२० फूट गेले आणि वाया गेले. दुसरे १६० फुटांवर थांबवले, ते चालते आहे.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. विदर्भातल्या काळ्या दगडावर जे वारंवार घडते ते एका वावरात बसवून मांडले आहे. आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेबाची पद्धत कुणालाही आपल्या वावराला जशीच्या तशी लावता येईल.

जमिनीखाली काय होते

वर्धा, यवतमाळ, अमरावती, वाशीम, बुलडाणा या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी बेसॉल्ट आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसून हा खडक झाला. प्रत्येक थराचा वरचा भाग जाळीदार, भोकाभोकांचा असतो, त्यात पांढरे खडे दिसतात. खालचा भाग भरीव काळा दगड. दोन थरांमध्ये काही ठिकाणी लाल गेरूसारखी माती सापडते. पाणी साठते ते वरच्या मुरुमात, जाळीदार खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यावर. भरीव दगडात पाणी राहायला जागाच नसते. म्हणून या भागात ‘अजून खोल जा, पाणी लागेल’ हा सल्ला बहुतेक वेळा फुटांचे बिल वाढवतो. खाली एखादा सांधा पाणी देऊन जातोही, पण तो प्रत्येक वावराखाली असेल असे नाही, आणि असला तरी त्याला वरून पाणी पोचायला वाट लागते.

सगळ्या विदर्भाला हा नियम लागू नाही. अकोला-अमरावती-बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे आणि खारपाणपट्ट्यात खोल जाल तसे खारे पाणी लागते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत जुना ग्रॅनाइट-नाईसचा खडक आहे. चंद्रपूर आणि नागपूरच्या काही भागांत वाळूचा दगड सापडतो, वणी-कोरपन्याकडे चुनखडक. शेजारच्या जिल्ह्यातल्या पाहुण्याच्या बोअरला चारशे फुटांवर भरपूर पाणी लागले असेल तर आधी तिथला खडक कोणता ते विचारावे.

या वावरातल्या विहिरीच्या कडा वाचल्या तर सगळे उघड होते: ६ फूट काळी माती, २२ फुटांपर्यंत पिवळा मुरूम, २२ ते ३४ फूट जाळीदार कुजका खडक, त्याखाली भरीव काळा दगड. झरे २२ ते ३४ फुटांच्या पट्ट्यातून येत होते. खालचे चार फूट दगडात खोदलेले होते, तिथून थेंबही येत नव्हता. बोअरची जागा ठरवण्याआधी ही कडा कुणी पाहिलीच नाही. वास्तविक वावरात किंवा शेजारी जुनी विहीर असणे म्हणजे जमिनीचा फुकटात मिळालेला उभा छेद.

पहिले बोअर

जागा पानाड्याने, म्हणजे काडी-नारळावर पाणी सांगणाऱ्याने दाखवली. वरच्या धुऱ्याजवळ, विहिरीपासून ६० फुटांवर. काडी वळणे, नारळ उभा राहणे यांना भूगर्भाचा आधार नाही. पानाड्या अनुभवी असला तर नाला, झाडोरा, उताराचा अंदाज घेऊन कधी बरोबर ठरतो, तेव्हा श्रेय काडीला मिळते. इथे जागा उताराच्या माथ्यावर होती. पाणी जिथून निघून जाते त्या बाजूला.

नोव्हेंबरात बोअर मारण्याची गाडी (रिग) लागली. ३१ फुटांवर ओल, ३४ फुटांवर पाणी. रिगवाल्याने ‘एक इंच पाणी’ सांगितले. पुढे १३८ फुटांपर्यंत कोरडा राखाडी भुगा. १३८ ते १४४ फूट लाल माती, जराशी ओल. पुढे ३२० फुटांपर्यंत पुन्हा काळा दगड. केसिंग, म्हणजे कडा ढासळू नये म्हणून बोअरमध्ये घालायचा पाइप, फक्त २० फूट घातले. ‘एक इंच लागलेच आहे, साठा व्हावा म्हणून खोल घेऊ’ असे म्हणून पुढचे पावणेतीनशेहून जास्त फूट पाडले गेले.

इथे दोन हिशेब कुणी केले नाहीत.

पहिला, इंचाचा. बोअरचे पाणी व्ही आकाराच्या खाचेतून सोडतात आणि खाचेतली पाण्याची उंची इंचात मोजतात. ९० अंशांच्या खाचेत एक इंच म्हणजे ताशी सुमारे ५२० लिटर, दोन इंच म्हणजे सुमारे २,९००, तीन इंच म्हणजे सुमारे ८,१००. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होते. म्हणून ‘एक इंच’ आणि ‘दोन इंच’ यांतला फरक ऐकायला लहान आणि वावरात फार मोठा. त्यातही खाच न लावता, पाइपातून उडणाऱ्या फवाऱ्याकडे पाहून सांगितलेला इंच धरूच नये. खाच नसेल तर चर काढून पाणी एका जागी आणावे आणि २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. २४ सेकंद लागले तर ताशी ३,००० लिटर. सव्वादोन मिनिटांच्या जवळ लागले तर ते एक इंच.

दुसरा, साठ्याचा. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावते. अडीचशे फूट पाण्याचा स्तंभ म्हणजे सुमारे १,६०० लिटर. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एका फुटाला सुमारे ८,९०० लिटर बसते. म्हणजे साठ्यासाठी पाडलेले अडीचशे फूट विहिरीच्या अडीच इंच पाण्याएवढेही भरले नाहीत. बोअरमधून पाणी काढता येते, त्यात ते साठवून ठेवता येत नाही.

मग २८० फुटांवर ३ एचपीचा सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायचा पंप सोडला. तो ताशी ५,००० लिटरच्या आसपास उपसणारा. रात्रभर भरलेले बोअर सकाळी वीसेक मिनिटे चाले. दोन तास थांबून पुन्हा सुरू केले की बारा-तेरा मिनिटांत हवा ओढू लागे. यात दोष पंपाचा नव्हता. ताशी ५०० लिटर येणाऱ्या जागी ५,००० काढणारे यंत्र लावले होते. कोरडे चालल्याने मोटर तापते, कारण सबमर्सिबलची मोटर भोवतीच्या वाहत्या पाण्यानेच थंड होते. पाणी संपले की पंप बंद करणारे, ड्राय रन संरक्षणाचे पॅनेल बसवलेले नव्हते.

जानेवारीत पंप वर काढायला घेतला तर हलेना. १३८ फुटांची लाल माती ओली होऊन फुगली आणि बोअरमध्ये ढासळली होती, शिवाय २० ते ३४ फुटांमधला केसिंगविना राहिलेला मुरूम आणि कुजका खडक खाली येत होता. ओढताना दोर तुटला. पंप, पाइप, केबल आतच राहिले. नंतर बोअरमध्ये सोडलेला दगड १३९ फुटांवरच टेकला.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ते ‘एक इंच’ ज्या जाळीदार थरातून आले तोच थर ६० फुटांवरच्या विहिरीला पाणी देत होता. नवे पाणी सापडलेच नव्हते. विहिरीचे पाणी दुसऱ्या भोकातून काढले जात होते.

आधी विहीर मोजायला हवी होती

बोअर वाया गेल्यावर फेब्रुवारीत विहिरीची उपसा-चाचणी घेतली. पद्धत सोपी आहे. झऱ्यांच्या पट्ट्याच्या खाली पाणी जाईपर्यंत विहीर उपसायची, इथे ३६ फुटांपर्यंत. पंप बंद करून पाण्याची पातळी दोरीने मोजायची आणि १२ तासांनी पुन्हा मोजायची. पाणी २ फूट चढले. २ गुणिले ८,९०० म्हणजे १२ तासांत १७,८०० लिटर, ताशी जवळपास १,५००. ज्या विहिरीला ‘आटलेली’ म्हणून सोडले होते ती फेब्रुवारीत नव्या बोअरच्या जवळपास तिप्पट पाणी देत होती. मे महिन्यात हीच चाचणी पुन्हा घेतली तेव्हा १२ तासांत अर्धा फूट चढले, म्हणजे दिवसाला सुमारे ९,००० लिटर.

पाणी मोजायचे ते मे महिन्यात. नोव्हेंबरातले बोअर पावसाळ्याने भरलेल्या मुरुमाचे पाणी दाखवते आणि माणूस त्या आकड्यावर बाग लावतो. हंगामामुळे गाडी सहज मिळते, पांदण कोरडी असते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात मारायचे असेल तर खुशाल मारावे, पण शेजारच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी आधी विचारून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात नोंदवते. यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आपल्या गावाजवळची नोंद पाहता येते.

गरज किती, हेही आधी

एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. हरभऱ्याला मोकळे ५० मिलिमीटरचे एक ओलित द्यायचे तर एकरी दोन लाख लिटर. ताशी ३,००० लिटरचे चांगले बोअर रोज ८ तास चालवले तरी त्या एका एकराला आठ दिवस लागतात. कमी पाण्याच्या बोअरवर पाटाने ओलित करण्याचा विचार इथेच सोडून द्यावा. ठिबक किंवा तुषार नसेल तर बोअरच्या पैशांतला काही भाग आधी त्याकडे वळवावा.

संत्र्याचा हिशेब फसवा असतो. ६ बाय ६ मीटरवर एकरी सुमारे ११० झाडे, दोन एकरांत २२०. कलम लावल्यावर झाडाला दिवसाला १५ लिटर धरले तर ३,३०० लिटर पुरतात, त्यामुळे पहिली तीन वर्षे पाणी मुबलक वाटते. भरात आलेल्या झाडाला मे महिन्यात ठिबकवर दिवसाला १०० लिटर किंवा त्याहून जास्त लागते. म्हणजे २२,००० लिटर, रोज, वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात. बाग सहा-सात वर्षांनी मागेल ते पाणी आज तपासायचे असते. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजल इतके का उपसले गेले, त्याचे मोठे कारण हेच आहे: बागा वाढल्या आणि प्रत्येक बागेची भूक उशिरा कळली.

बहारही पाण्याप्रमाणे ठरतो. आंबिया बहाराला जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत पाणी तोडता येत नाही. मृग बहाराचा ताण (फुलांसाठी झाडाचे पाणी तोडणे) उन्हाळ्यात बसतो आणि फुले पावसावर येतात. उन्हाळ्यात पाणी तोकडे असेल तर आंबियाच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या बोअरची जागा

या वेळी विद्युत रोधकता (खडक विजेला करतो तो विरोध) सर्वेक्षण करून घेतले. जमिनीत चार सळ्या एका रेषेत ठोकतात, बाहेरच्या दोनमधून वीज सोडतात आणि आतल्या दोनमध्ये विजेच्या दाबाचा फरक मोजतात. सळ्यांमधले अंतर वाढवत नेले की खालच्या थरांचा अंदाज येतो. पाण्याने भरलेल्या कुजक्या बेसॉल्टची रोधकता साधारण २० ते ४५ ओहम-मीटर असते, भरीव दगडाची ७० च्या वर. यंत्र पाणी ‘पाहत’ नाही, ते खडकाचा प्रकार सुचवते. चिकणमातीही कमी आकडा देते. म्हणून आकड्यांसोबत विहिरीची कडा आणि नाल्याचा उतार जुळवून पाहणाऱ्या भूवैज्ञानिकाकडूनच अर्थ लावून घ्यावा.

सर्वेक्षण करून घेताना मालकाने दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. सळ्यांची रेषा तारेच्या कुंपणाला, लोखंडी पाइपलाइनला किंवा विजेच्या तारांना समांतर धरली तर आकडे बिघडतात. आणि एकाच जागी मोजून ‘इथेच मारा’ म्हणणाऱ्याला किमान तीन जागा मोजायला लावाव्यात, कारण सर्वेक्षणाचा खरा उपयोग तुलनेत आहे. हातात धरून चालण्याचे ‘लांब पल्ल्याचे डिटेक्टर’ आणि मोबाईलवर पाणी दाखवणारी ॲप यांवर पैसा घालू नये.

इथे नाल्याकडच्या खालच्या भागात, विहिरीपासून ३५० फुटांवर, ५० फुटांपर्यंत कमी रोधकता आली आणि ११० फुटांच्या सुमारास पुन्हा घट दिसली. कुजका थर विहिरीपाशी ३४ फुटांत संपत होता, इथे तो जास्त जाड होता. जागा ठरली.

कागद

गाडी बोलावण्याआधीची कामे कंटाळवाणी आहेत, पण नंतर तीच अडतात. सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. भावाभावांत बोअरवरून होणारी भांडणे पाणी लागल्यावर सुरू होतात. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर किंवा बोअर घेण्यावर कायद्याची बंधने आहेत, म्हणून ग्रामपंचायतीची नळयोजनेची विहीर कुठे आहे ते टेपने मोजून पाहावे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ नुसार ६० मीटर, म्हणजे १९७ फूट किंवा त्याहून खोल ती ‘खोल विहीर’ ठरते आणि तिच्यावर निर्बंध येतात. आपल्या गावाला ते कसे लागू आहेत, हे भूजल यंत्रणेकडून लेखी विचारून घ्यावे. इथले पहिले बोअर ९७ मीटरचे होते आणि हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने लहान मुले बोअरमध्ये पडण्याच्या घटनांवरून २०१० मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार बोअर मारण्याच्या किमान १५ दिवस आधी मालकाने प्रशासनाला लेखी कळवायचे असते, आणि गाडी नोंदणीकृत असायला हवी. बोअर झाल्यावर त्याची नोंद सातबाऱ्यावर लावून घ्यावी, कारण वीजजोडणीसाठी आणि सौर पंपासाठी पाण्याच्या स्रोताची नोंद मागतात. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्यावर ७.५ एचपी अशी मर्यादा आहे. पात्र आहे म्हणून मोठा पंप घेऊ नये, बोअर जेवढे पाणी देते त्याला साजेसाच मागावा.

रिगवाल्याशी बोली

फुटाचा दर एवढेच ठरवून गाडी बोलावणे महागात पडते. दर किती फुटांनंतर बदलतो, केसिंगचा दर फुटाला वेगळा किती, मोठ्या व्यासाच्या भोकाचा दर किती, शेवटी हवेच्या दाबाने बोअर धुणे किती वेळ आणि त्याचे पैसे धरले आहेत का, बोअर ढासळले तर कोण सोसणार, केसिंग पाइप कोणत्या जाडीचा, हे एका कागदावर घ्यावे. बिट (भोक पाडणारे टोक) साडेसहा इंची आहे हे भोक सुरू होण्याआधी फूटपट्टीने पाहावे. झिजलेली बिट वापरली की भोक निमुळते होते आणि पुढे पंप अडकतो.

खोली मोजायची ती रॉड मोजून. बहुतेक गाड्यांचा रॉड २० फुटांचा असतो, पण एक रॉड टेप लावून खात्री करावी. शेवटी वजन बांधलेली दोरी सोडून खोली पुन्हा पडताळावी.

थांबण्याची खोली आधीच लिहून ठेवावी. गाडी सुरू असताना, धुळीत, रात्री दोन वाजता, आणखी शंभर फूट जावे की नाही हा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही. इथे ठरवले होते: ११० फुटांचा सांधा ओलांडून ४० ते ५० फूट भरीव दगड लागला की बंद. रॉडच्या मापाने ते १६० फुटांवर आले. ४९ मीटर, म्हणजे खोल विहिरीच्या मर्यादेच्या बरेच आत.

भोक पडताना

हे काम एप्रिलच्या शेवटी केले. दर पाच फुटांचा भुगा कागदावर किंवा फरशीवर ओळीने ठेवला आणि शेजारी खोली लिहिली. रंग, कणांचा जाडपणा, ओल, आणि रॉड खाली जायला लागलेला वेळ. वेळ अचानक कमी झाला तर मऊ थर किंवा भेग. नोंद अशी आली: १० फूट माती, ३० फुटांपर्यंत मुरूम, ३० ते ५२ फूट जाळीदार खडक, ३८ फुटांवर पाणी. पुढे भरीव. १०४ ते ११२ फूट भेगाळ सांधा, तिथे पाणी वाढले. त्याखाली पुन्हा भरीव. शेवटी खाचेत दोन इंच, म्हणजे ताशी २,९०० लिटरच्या जवळ.

केसिंगचा निर्णय या भागात सगळ्यात जास्त चुकतो, तोही दोन्ही बाजूंनी. कमी घातले तर मुरूम ढासळतो, पहिल्या बोअरसारखा. भरीव दगडापर्यंत बंद केसिंग घातले तर कुजक्या थरातले पाणी बाहेरच अडते, आणि बेसॉल्टमध्ये बहुतेक पाणी तिथेच असते. इथे ५५ फुटांपर्यंत १० इंची भोक घेतले आणि ७ इंची पीव्हीसी केसिंग भरीव दगडात तीन फूट रुतवून बसवले. ३४ ते ५२ फुटांच्या टप्प्यात केसिंगला चिरा पाडलेला पाइप वापरला, बाकी साधा. बाहेरच्या फटीत धुतलेली बारीक खडी भरली आणि वरचे १० फूट सिमेंटने बंद केले, म्हणजे पावसाळ्यात फवारणीची औषधे घेऊन वाहणारे पाणी कडेने आत उतरणार नाही. चिरा करवतीने वाकड्यातिकड्या पाडू नयेत, पाइप कमकुवत होतो. तयार चिरांचा पाइप मिळतो, तोच घ्यावा. लाल मातीचा थर लागला असता तर त्याच्या खालपर्यंत आतून दुसरे, लहान व्यासाचे केसिंग सोडावे लागले असते.

मग धुणे. पाणी स्वच्छ येईपर्यंत कॉम्प्रेसर चालवायचा, इथे तास-दीड तास लागला. गाडीवाल्याला पुढच्या गावाची घाई असते, पण गढूळ बोअरमध्ये सोडलेला पंप सहा महिन्यांत झिजतो.

चाचणी आणि पंप

कॉम्प्रेसरचा आकडा क्षणाचा असतो. खरी चाचणी भाड्याचा पंप लावून केली, सहा तास. झडप दाबून ताशी २,००० लिटर स्थिर ठेवले, २०० लिटरचा ड्रम सहा मिनिटांत भरतो आहे ना हे दर अर्ध्या तासाने पाहिले आणि पाण्याची पातळी नोंदवली. सुरुवातीला पातळी भराभर उतरली, चौथ्या तासापासून जवळपास टिकली. याच वेळात ३५० फुटांवरच्या विहिरीची पातळीही पाहिली. ती सहा तासांत हलली नाही. हलली असती तर दोन्हींचे पाणी एकच धरावे लागले असते. एवढ्या वेळात न दिसणारा परिणाम दोन-तीन महिन्यांच्या उपशात दिसू शकतो, म्हणून विहिरीची पातळी पहिल्या उन्हाळ्यात दर आठवड्याला लिहिण्याचे ठरले.

पंप सोडण्याआधी पंपाच्याच जाडीचा दहा फुटी पाइप दोराने खालपर्यंत सोडून परत काढला. तो अडला नाही, म्हणजे भोक सरळ आहे. मग ताशी २,००० लिटरच्या आसपास देणारा दीड एचपीचा पंप १३५ फुटांवर टांगला. तळापासून वर २५ फूट, म्हणजे गाळ बसायला जागा. सांध्याच्या अगदी समोर पंप ठेवत नाहीत, कारण तिथून वाळूचे कण सरळ आत जातात. पण सांध्याच्या खाली ठेवला की पाणी वरून येते आणि मोटरजवळून वाहत नाही, म्हणून मोटरवर बाहेरून नळकांडे बसवले, त्यामुळे पाणी मोटरला घासूनच वर चढते. पॅनेलला ड्राय रन संरक्षण, पंपाला वेगळा नायलॉनचा दोर, केबल दर दहा फुटांवर पाइपाला बांधलेली.

पाण्याचा नमुना धुण्यानंतर नव्हे, चाचणीच्या शेवटी घेतला. वावरातल्या घरी पिण्यासाठी वापरायचे असेल तर फ्लोराइड आणि नायट्रेट तपासल्याशिवाय वापरू नये. फ्लोराइडची मान्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. नायट्रेट ४५. यवतमाळच्या पूर्व भागात आणि चंद्रपुरात फ्लोराइडचा त्रास आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाढते.

जुन्या विहिरीचे काय केले

विहीर ४४ फुटांपर्यंत खोल केली. भरीव दगडात खोदल्याने झरा वाढणार नाही हे माहीत होते. हेतू साठ्याचा होता. सहा फूट म्हणजे ५३,००० लिटर, तेही न पाझरणाऱ्या दगडात. सुरुंगाचे काम परवानाधारकाकडूनच करून घेतले. जाळीदार थरात, ३१ फुटांवर, नाल्याच्या दिशेने दोन आडवे बोअर घेतले. आडवे बोअर थराच्या आतच राहिले पाहिजे. भरीव दगडात घेतले तर पैसा जातो. विहिरीच्या तळात उभे बोअर मारण्याचा आग्रह झाला होता, तो नाकारला. खाली कोरडी भेग असेल तर विहिरीचे पाणी त्यातून निघून जाते, आणि ३२० फुटांच्या बोअरने खाली काही नाही हे आधीच दाखवले होते.

बोअरचे पाणी आता विहिरीत सोडतात आणि तिथून ठिबकला देतात. इथे एक काळजी लागते. उन्हाळ्यात विहिरीतली पातळी ३४ फुटांच्या वर चढू द्यायची नाही. वर गेली की तेच पाणी जाळीदार थरातून परत जमिनीत मुरते आणि विजेचे बिल मात्र भरावे लागते.

मे महिन्याचा ताळा असा: विहीर ९,००० लिटर, बोअर रोज ६ तास चालवून १२,०००. आडव्या बोअरचे पाणी धरलेले नाही, एक उन्हाळा मोजल्याशिवाय धरायचेही नाही. एकूण २१,०००. दोन एकर भरातल्या संत्र्याला २२,००० लागतात आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी विहिरीचा आकडा खाली येईल. म्हणून एक एकरच संत्रा लावला, ११० झाडे, मृग बहार धरून. उरलेल्या पाण्यावर तुषारने हरभरा, फेब्रुवारीपर्यंत.

पहिले बोअर

ते उघडे ठेवणे धोक्याचे होते, मुलांसाठीही आणि पाण्यासाठीही. वरच्या मुरुमातले पाणी त्यातून खाली ढासळलेल्या भागात उतरत होते. काही जण असे बोअर पुनर्भरणासाठी वापरा म्हणतात. इथे तसे केले नाही, कारण पऱ्हाटीच्या वावरातले पाणी गाळ आणि औषधे घेऊन येते आणि बोअर विहिरीच्या झऱ्याला जोडलेले आहे. त्याऐवजी उताराला आडवे बांध आणि नाल्यात गाळ काढलेला बंधारा, म्हणजे पाणी मातीतून गाळून मुरेल.

बोअर तळापासून भरले. १३९ फुटांपासून ३९ फुटांपर्यंत भुगा आणि खडी, थोडी-थोडी टाकून, दर दहा फुटांनी दोरीने खोली पाहत, नाहीतर मध्येच पोकळी राहते आणि पुढच्या पावसाळ्यात जमीन खचते. भरीव दगडाच्या माथ्यापर्यंत पाच फूट सिमेंट, त्यावर जाळीदार थराच्या उंचीएवढी स्वच्छ खडी, वरचे २० फूट चिकणमाती कुटून. केसिंगचा पाइप जमिनीच्या दोन फूट खाली कापला. चालू बोअरभोवती न्यायालयाच्या निर्देशातल्या मापाचा चौथरा केला: अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, ३० सेंटिमीटर जमिनीत आणि ३० वर. केसिंगच्या तोंडाला नटबोल्टचे लोखंडी झाकण बसवले, गाळाचे खड्डे बुजवले आणि बुजवलेल्या बोअरची माहिती ग्रामपंचायतीला लेखी दिली.